भूमीच्या पोटांतील पाणी

नदीचें पाणी डोळ्यांना दिसतें. तिला पूर आला कीं ओसरला, हें काठावरच्या माणसाला कोणी सांगावें लागत नाहीं. जमिनीखालील पाण्याची गोष्ट निराळी आहे. विहीर खणावी तेव्हां त्याचें दर्शन होतें. परंतु तें कोठून आलें, यावयास त्याला किती वर्षें लागलीं, आणि या विहिरींत तें अडलें नसतें तर कोणाच्या विहिरींत गेलें असतें, यांपैकीं कांहींच त्या दर्शनावरून समजत नाहीं. जें दिसत नाहीं त्याविषयीं तर्क करण्याची मोकळीक सर्वांनाच असते, आणि मोठमोठ्या विद्वानांनीं ती यथेच्छ घेतली. थंड गुहांमध्यें हवेचेंच पाणी बनतें व तें झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें, असें ॲरिस्टॉटल मानी. १६६५ सालीं आथानासियुस किर्खर या जेझुइट पंडितानें आपल्या ग्रंथांत असें चित्र रंगविलें कीं, समुद्राचें पाणी भुयारांतून पर्वतांच्या पोटांत जातें, तेथील प्रचंड हौदांत सांठतें आणि त्यांतून नद्या निघतात. समुद्रसपाटीचें पाणी पर्वतावर चढतें कसें, आणि वाटेंत त्याचा खारटपणा कोठें जातो, या दोन साध्या शंकांचीं उत्तरें देण्यांत त्या काळीं पुष्कळ शाई खर्च झाली.

सहाव्या शतकांतील वराहमिहिराचें ‘बृहत्संहितें’तील दकार्गल प्रकरण याहून पुष्कळच व्यवहारी आहे. मनुष्याच्या शरीरांत शिरा असतात तशा भूमींतहि पाण्याच्या शिरा आहेत, असें मानून त्यानें कोणत्या झाडाच्या कोणत्या बाजूस, जवळ वारूळ असतां किती खोलीवर पाणी लागेल, हें सांगितलें आहे. झाडाला आणि वाळवीला ओल लागते; तेव्हां या खुणांना कांहीं आधार आहे यांत शंका नाहीं. परंतु पाणी कोठें लागेल हा एक प्रश्न. तें कोठून कोठें आणि किती वेगानें जातें हा अगदीं दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर सांगणारा पाणाड्या आपल्या खेड्यापाड्यांतून सहज मिळे. दुसऱ्या प्रश्नाचें मोजून दिलेलें उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगांत कोणाजवळहि नव्हतें.

त्या उत्तराची वाट मात्र त्याआधीं तीनशें वर्षें उघडूं लागली होती, आणि ती प्रथम दाखविणारा मनुष्य एक कुंभार होता. फ्रान्समधील बर्नार पालिसी याला लॅटिन येत नव्हतें, ग्रीक येत नव्हतें; भांड्यांवर मनासारखी झिलई चढविण्याच्या ध्यासांत घरचें लांकूडसामान भट्टींत घालणारा म्हणून त्याची ख्याति. माती, चिखल, रेती हाताळण्यांत त्याचा जन्म गेला होता. १५८० सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत त्यानें निक्षून सांगितलें कीं, झऱ्यांचें पाणी दुसरें तिसरें कांहीं नसून पावसाचेंच पाणी आहे. तें जमिनींत मुरतें, पाणी न शिरूं देणाऱ्या थरावर अडतें आणि उताराच्या बाजूस बाहेर येतें. विद्वानांनीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें १६७४ सालीं प्येर पेरो यानें प्रत्यक्ष हिशेब मांडला. सिंड्रेलाची गोष्ट लिहिणाऱ्या शार्ल पेरोचा हा भाऊ; सरकारी वसुलाच्या मोठ्या हुद्द्यावरून उतरलेला गृहस्थ. त्यानें सेन नदीच्या उगमाकडील प्रदेशावर वर्षांत किती पाऊस पडतो हें मोजलें, नदीतून किती पाणी जातें याचा अंदाज केला, आणि पाऊस नदीच्या पाण्याच्या सुमारें सहापट भरतो असें दाखविलें. नद्यांना पाणी पुरविण्यास समुद्राच्या भुयारांची कांहींच गरज उरली नाहीं. मौज अशी कीं, पावसाचें पाणी जमिनींत फार खोल मुरतें हें खुद्द पेरोला मान्य नव्हतें. कुंभाराजवळ खरें कारण होतें पण मोजमाप नव्हतें. वसुली अधिकाऱ्याजवळ मोजमाप होतें पण खरें कारण नव्हतें. पॅरिसच्या वेधशाळेच्या तळघरांत पाझरणारें पाणी पावसाबरोबर वाढतें व पावसाबरोबर कमी होतें, हें मारियोत यानें नोंदलें, तेव्हां या दोन गोष्टींची गांठ पडली. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८६ सालीं निघाला.

पाऊस जमिनींत मुरतो, एवढें ठरलें. मुरलेलें पाणी पुढें चालतें कोणत्या नियमानें? हा नियम शोधणारा मनुष्य पुस्तकी पंडित नव्हता. तो एका गांवाच्या पाणीपुरवठ्याची चिंता वाहणारा इंजिनियर होता.

आंरी दार्सी याचा जन्म १० जून १८०३ रोजीं फ्रान्समधील डिजों शहरीं झाला. लहानपणींच वडील वारले. पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्यें व नंतर पूल-रस्त्यांच्या सरकारी विद्यालयांत शिक्षण पुरें करून तो आपल्या गांवीं परतला. त्या वेळीं डिजोंचें पाणी म्हणजे एक लाजिरवाणी गोष्ट होती. उथळ विहिरी घराघरांच्या शौचकूपांशेजारीं. आणि गांवांतून वाहणारा सुझों नांवाचा ओढा म्हणजे उघडें गटार. गांवकऱ्यांनीं आधीं जमिनीच्या पोटांतच उपाय शोधला. सें-मिशेल चौकांत सुमारें १५० मीटर खोल भोंक पाडण्यांत आलें. पाणी वर आलें, पण एवढ्या शहराला पुरण्याजोगें तें नव्हतें. अशा फसलेल्या विहिरीकडे लोक सहसा पाठ फिरवितात. दार्सीनें तिच्यावर प्रयोग केले. तिच्यांतून किती पाणी निघतें आणि तें काढतांना पातळी किती उतरते, याच्या नोंदी पुढें त्याच्या ग्रंथांत आल्या.

शहरासाठीं मात्र त्यानें दुसरा मार्ग पत्करला. सुझोंच्या खोऱ्यांत वरच्या बाजूस रोझ्वार नांवाचा मोठा झरा होता. तेथून १२·७ किलोमीटर लांबीचा, जमिनीखालून जाणारा बांधीव पाट काढून केवळ उतारानें पाणी शहरांत आणण्याची योजना त्यानें १८३४ सालीं मांडली. मार्च १८३९ मध्यें काम सुरू झालें आणि ६ सप्टेंबर १८४० रोजीं झऱ्याचें पाणी गीयोम वेशीजवळच्या झांकलेल्या हौदांत पडलें. दीड वर्षांत एवढें काम! मिनिटाला सुमारें आठ हजार लिटर पाणी येत असे, आणि तें चढविण्यास एकहि पंप लागत नसे. पुढील कांहीं वर्षांत नळांचें जाळें शहरभर पसरलें. रस्त्यांवर शंभर-शंभर मीटरांवर एक याप्रमाणें १४२ सार्वजनिक नळ उभे राहिले, आणि त्यांवर पाणी भरण्यास कोणाला पैसा पडत नसे. दार्सीनें या कामाचा मोबदला घेतला नाहीं. नगरपालिकेनें त्याला सुवर्णपदक दिलें आणि त्याच्या घरापुरतें पाणी हयातीपर्यंत विनामूल्य दिलें. यांतलें दुसरें त्याला अधिक प्रिय वाटलें असेल, असें त्याच्या स्वभावावरून म्हणावेंसें वाटतें.

पॅरिसहून लियोंला जाणारी आगगाडी डिजोंवरून जावी यासाठीं त्यानें ब्लेझीच्या डोंगरांतून चार किलोमीटरांहून लांब बोगद्याची आंखणी केली. एवढें करूनहि १८४८ च्या राज्यक्रांतीनंतर त्याची बदली झाली. राज्यकर्ते पालटले कीं गांवाला पाणी देणाऱ्यालाहि गांव सोडावें लागतें. पॅरिसला पाणी व रस्ते या खात्याचा मुख्य म्हणून असतांना त्यानें नळांतून वाहणाऱ्या पाण्यावर पुष्कळ प्रयोग केले. प्रकृति ढांसळत चालली होती. १८५५ सालीं तो कामांतून मोकळा झाला आणि डिजोंला परतला. आतां त्याला आपल्या गांवच्या पाणीपुरवठ्याचा समग्र वृत्तांत लिहावयाचा होता, आणि त्या वृत्तांतांत एक जागा रिकामी होती. नदीचें गढूळ पाणी वाळूच्या थरांतून गाळून शहरांना देण्याची पद्धति तेव्हां इंग्लंड-फ्रान्समध्यें सुरू झालेली होती. परंतु किती जाडीच्या थरांतून, किती दाबाखालीं, किती पाणी निघेल, हें कोणीच नेमकेपणानें सांगूं शकत नसे.

तें शोधण्यासाठीं डिजोंच्या इस्पितळांत लोखंडाची एक उभी नळी बसविण्यांत आली. पुरुषभर उंचीहून मोठी, आंतून पस्तीस सेंटिमीटर रुंद. तिच्यांत साओन नदीची वाळू भरली. वाळू तरी कसली, तींत बारीक खडे आणि शिंपल्यांचे तुकडेहि होते. वरून इस्पितळाच्या नळाचें पाणी सोडावयाचें, खालून पडणारें पाणी एका हौदांत मोजावयाचें, आणि वाळूच्या वर व खालीं पाण्याचा दाब किती आहे तें पाऱ्याच्या नळ्यांत पाहावयाचें. २९ व ३० ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर १८५५ या दिवशीं पहिले प्रयोग झाले. मदतीला शार्ल रित्तेर नांवाचा इंजिनियर होता. इस्पितळांतले नळ कोणी ना कोणी सारखे उघडी व बंद करी. त्यामुळें दाबाचा पारा खालींवर नाचत राही, आणि त्याची सरासरी काढतांना दोघांना पुरेपुर त्रास झाला. पुढें १८५६ च्या फेब्रुवारींत रित्तेरनें एकट्यानें आणखी कांहीं प्रयोग केले. त्यांत वाळूच्या वरचा व खालचा असे दोन्ही दाब बदलून पाहिले.

निष्पन्न झालें तें इतकें साधें होतें कीं, शाळेंतल्या मुलालाहि तें त्रैराशिकानें समजावें. वाळूंतून दर मिनिटास निघणारें पाणी हें वरच्या व खालच्या पातळींतील फरकाच्या प्रमाणांत वाढतें आणि वाळूच्या थराच्या जाडीच्या प्रमाणांत कमी होतें. फरक दुप्पट करा, पाणी दुप्पट. थर दुप्पट जाड करा, पाणी निम्में. बाकी जें उरतें तें त्या त्या वाळूचें स्वतःचें. जाड वाळू पाणी लौकर सोडते, बारीक वाळू सावकाश, चिकणमाती जवळजवळ नाहींच. या साधेपणांत एक आश्चर्य आहे. नळांतून वेगानें जाणाऱ्या पाण्याचें असें होत नाहीं. तेथें दाब दुप्पट केला तर पाणी सुमारें दीडपटीपेक्षांहि थोडें कमीच वाढतें, कारण पाणी घुसळतें आणि त्यांत जोर वायां जातो. नळांवरचे प्रयोग नुकतेच केलेल्या दार्सीला हा भेद तत्काळ उमगला. वाळूच्या कणांमधील केसासारख्या वाटांनीं जाणारें पाणी इतकें संथ असतें कीं, घुसळण्याला त्याला सवडच नसते.

हा नियम दार्सीनें १८५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘डिजों शहरांतील सार्वजनिक कारंजीं’ या सहाशेंहून अधिक पानांच्या ग्रंथांत घातला. तोहि मुख्य भागांत नव्हे, मागें जोडलेल्या ‘डी’ या टिपणांत. जगाच्या पाठीवर आज जेथें जेथें भूजलाचें गणित केलें जातें तेथें तेथें पायाशीं हें टिपण असतें. ३ जानेवारी १८५८ रोजीं पॅरिस येथें फुप्फुसाच्या दाहानें त्याचा अंत झाला. नियम छापल्यावर तो दोन वर्षेंहि जगला नाहीं.

गाळणीच्या नळींतला नियम जमिनीच्या पोटांत लागू कसा पडतो, तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. पाणी सांठवून धरणाऱ्या आणि त्याला वाट देणाऱ्या थरास जलधारक थर म्हणतात. असा वाळूचा एक थर घ्या. समजा, त्यांतील पाण्याची पातळी एका किलोमीटरांत एक मीटर उतरते, आणि पुरा उभा दाब असतां ती वाळू दिवसाला दहा मीटर पाणी सोडते. नियमाप्रमाणें या उतारावर दिवसाला एक सेंटिमीटर पाणी सरकेल. परंतु पाणी सगळ्या जागेंतून जात नाहीं, कणांमधल्या पोकळींतूनच जातें. ती पोकळी चौथाई धरली तर पाण्याचा खरा वेग दिवसाला चार सेंटिमीटर येतो. वर्षाला साडेचौदा मीटर. म्हणजे एक किलोमीटर अंतरावर पडलेला पाऊस विहिरींत पोंचावयास अडुसष्ट वर्षें! आजोबांच्या काळांत मुरलेलें पाणी नातू पितो, आणि नातवानें आज जमिनींत घातलेली घाण त्याच्या नातवाच्या घागरींत येणार असते. या संथ गतीची साक्ष पुढें एका भलत्याच दिशेनें मिळाली. १९५० नंतरच्या दशकांत व १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत हायड्रोजन बाँबच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांमुळें पावसाच्या पाण्यांत ट्रिटियम हें किरणोत्सर्गी द्रव्य एकाएकीं वाढलें. ज्या विहिरीच्या पाण्यांत तें सांपडत नाहीं तिचें पाणी त्या चाचण्यांच्या आधींच मुरलेलें असलें पाहिजे, हें उघड झालें.

येथवरची हकीकत शास्त्राची झाली. शास्त्राबाहेरचें जग काय समजत होतें? याचें उत्तर न्यायालयांच्या निकालांत सांपडतें, आणि तें वाचतांना मन थक्क होतें. इंग्लंडांत एका गिरणीमालकाची विहीर होती. तिच्या पाण्यावर गिरणी चाले. १८३७ सालीं तेथून पाऊण मैलावर दुसऱ्यांनीं कोळशाची खाण खणली आणि विहिरीचें पाणी कमी झालें. तीनेक वर्षांनीं आणखी जवळ दुसरी खाण निघाली आणि पाणी गिरणीला मुळींच पुरेनासें झालें. मालकानें दावा लावला. १८४३ सालीं ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या खटल्यांत मुख्य न्यायाधीश टिंडल यांनीं निकाल दिला कीं, जमिनीखालचें पाणी नदीसारखें उघड वाहत नाहीं. कोणाच्या जमिनींतून कोणाकडे किती जातें हें कोणाला ठाऊक असत नाहीं. सबब जो तो आपल्या हद्दींत हवें तितकें खणो, शेजाऱ्याची विहीर आटली तर तें नुकसान खरें, पण तो अन्याय नव्हे. या निकालाला दोष देतां येत नाहीं. १८४३ सालीं खरोखरच तें कोणाला ठाऊक नव्हतें. फिर्यादीच्या विहिरीशीं त्या खाणींचा संबंध आहे हें पातळीनें दाखवून दिलें होतें. नियमानें सांगणारा कोणी नव्हता.

दोष पुढच्यांना देतां येतो. दार्सीचा ग्रंथ छापून पांच वर्षें झालीं, तेव्हां १८६१ सालीं अमेरिकेंतील ओहायो संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयानें, भूजलाची गति इतकी गुप्त व गूढ आहे कीं तिच्याविषयीं कायदा करणेंच अशक्य, असा अभिप्राय दिला. १९०४ सालीं टेक्सासमध्यें तेंच झालें. डेनिसन गांवीं एका रेल्वे कंपनीनें एंजिनांच्या पाण्यासाठीं वीस फूट रुंद व सहासष्ट फूट खोल विहीर खणून तिच्यांतून रोज पंचवीस हजार गॅलन पाणी उपसण्यास आरंभ केला; शेजारच्या गृहस्थाची पांच फूट रुंदीची व तेहतीस फूट खोल घरगुती विहीर कोरडी पडली. न्यायालयानें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला आणि आधार म्हणून तोच गूढपणा पुढें केला. दार्सीच्या टिपणाला तेव्हां अठ्ठेचाळीस वर्षें झालीं होतीं. आणि हें दूर देशांतच घडलें असें नव्हे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकाराच्या कायद्यांत, जमिनीखालीं निश्चित प्रवाहमार्गानें न वाहणारें पाणी आपल्या हद्दींत जमा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा प्रत्येक जमीनमालकाचा हक्क उदाहरणादाखल नमूद झाला. १८९१ सालीं तो कायदा मुंबई इलाख्यास लागू झाला. शब्द बारकाईनें पाहावे. निश्चित मार्गानें न वाहणारें पाणी म्हणजे वाळूंतून, मुरुमांतून, भेगाभेगांतून झिरपणारें पाणी. म्हणजे जवळजवळ सगळेंच भूजल. ज्याच्याजवळ जमीन त्याचें पाणी, आणि ज्याच्याजवळ अधिक खोल खणण्याची ऐपत त्याच्याजवळ शेजाऱ्याचेंहि पाणी, असा त्याचा व्यवहारांतला अर्थ झाला.

शास्त्र मात्र थांबलें नव्हतें. दार्सीचाच सहकारी झ्यूल द्यूप्वी यानें १८६३ सालीं, विहिरीतून पाणी उपसलें असतां भोंवतालची पातळी कशी उतरत येते, याचें गणित केलें. उपसा चालू असलेल्या विहिरीभोंवतीं पाण्याची पातळी उलट्या टोपीसारखी खोल होते. विहिरीजवळ उतार तीव्र, दूर गेलें कीं मंद. द्यूप्वीचें गणित पातळी स्थिर झाली आहे असें धरून केलेलें होतें. प्रत्यक्षांत ती खोलगट टोपी दिवसेंदिवस पसरत असते. तिचा पसारा काळाबरोबर कसा वाढतो, हें अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यांतील चार्ल्स थीस यानें १९३५ सालीं दाखविलें. धातूच्या पत्र्यांतून उष्णता जाते आणि वाळूंतून पाणी जातें, या दोहोंचे नियम एकाच घडणीचे आहेत हें त्याच्या ध्यानांत आलें. उष्णतेचें तयार गणित पाण्याला कसें लावावें हें त्यानें आपल्या एका गणितज्ञ मित्राला विचारलें. लुबिन नांवाच्या त्या मित्रानें उत्तर पाठविलें, आणि गणिताच्या दृष्टीनें यांत विशेष कांहीं नाहीं म्हणून निबंधावर आपलें नांव घालूं दिलें नाहीं! त्या निबंधानंतर एका विहिरीचा उपसा करावा, जवळच्या दुसऱ्या विहिरींतील पातळी घड्याळ लावून मोजावी, आणि मधला थर किती पाणी धरतो व किती वाहूं देतो हें सांगावें, असें करणें शक्य झालें. न्यायालयें ज्याला गूढ म्हणत होतीं तें आतां अर्ध्या दिवसाच्या मोजणींत कागदावर उतरूं लागलें.

१९४० सालीं थीसनें त्याहून महत्त्वाची गोष्ट मांडली. माणसानें हात लावण्यापूर्वीं जलधारक थरांत जितकें पाणी येतें तितकेंच कोठें तरी बाहेर जातें: झऱ्यांतून, नदीच्या पात्रांत, झाडांच्या मुळांवाटे. नवी विहीर म्हणजे नवी गळती. तिचें पाणी तीनच ठिकाणांहून येऊं शकतें: थराच्या सांठ्यांतून, अधिक मुरवणींतून, किंवा पूर्वीं जेथें बाहेर जात होतें तेथल्या कपातींतून. चौथें ठिकाण नाहीं. ‘विहिरीला नवें पाणी लागलें’ असें आपण आनंदानें म्हणतों, तेव्हां कोठल्या तरी ओढ्याचें, झऱ्याचें किंवा विहिरीचें पाणी त्या दिवसापासून कमी होऊं लागलेलें असतें. फक्त त्याची बातमी उशीरां येते, कारण पाणी संथ चालतें.

आपल्या महाराष्ट्राचा सुमारें चार-पंचमांश प्रदेश काळ्या कातळाचा आहे. तो लाव्हाच्या एकावर एक सांचलेल्या थरांनीं बनला. येथें दार्सीच्या नळींतल्यासारखी वाळू नाहीं. पाणी राहतें तें वरच्या मुरुमांत, कातळाच्या चिरांत आणि दोन थरांमधल्या झिजलेल्या, सच्छिद्र भागांत. घट्ट कातळ जवळजवळ कोरडा. यामुळें एक गोष्ट होते, तिचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्यानें डोळ्यांनीं पाहिलेला आहे. नदीकाठच्या वाळूच्या जाड थरांत पातळी एक मीटर उतरली तर सुमारें पंधरा सेंटिमीटर पाणी हातीं येतें. आपल्या मुरुमांत तेवढ्याच उतारानें मिळतें दोन सेंटिमीटरांच्या आसपास. उलट बाजूनें पाहिलें तर, पावसाचें दहा सेंटिमीटर पाणी मुरलें कीं वाळूंतली विहीर मीटरभरहि चढत नाहीं, आणि आपली विहीर पांच मीटर चढते. श्रावणांत हात घालून पाणी घ्यावें अशी भरलेली विहीर चैत्रांत तळ दाखविते, त्याचें कारण हें आहे. सांठा मुळांतच लहान. मोटेनें पाणी उपसणाऱ्या काळीं बैलांच्या दमाबरोबर उपसाहि थांबे आणि विहीर रात्रीं पुन्हां भरे. विजेच्या पंपाला दम लागत नाहीं. आणि १९७२ च्या दुष्काळानंतर गांवोगांव पसरलेल्या कूपनलिका वरचा मुरूम मागें टाकून खालच्या चिरांतलें पाणी ओढूं लागल्या. तें पाणी वरूनच, त्याच मुरुमांतून, फार सावकाश उतरलेलें असतें.

१९९३ सालीं महाराष्ट्र सरकारनें पिण्याच्या पाण्यासाठीं भूजलाचें नियमन करणारा कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर खोदण्यास त्यानें बंदी घातली. एका विहिरीचा हात दुसरीपर्यंत पोंचतो, ही गोष्ट त्या आंकड्यांत मान्य झालेली आहे. डिजोंच्या इस्पितळांतल्या नळीचा वृत्तांत छापला गेला त्याला तेव्हां १३७ वर्षें झालीं होतीं. पुढें २००९ चा अधिक व्यापक कायदा आला. ५०० मीटरांचें वर्तुळ कागदावर सर्व बाजूंनीं सारखें असतें. कातळांतली चीर मात्र एका बाजूला किलोमीटरभर जाते आणि दुसऱ्या बाजूला दहा पावलांवर संपते. ती कोणत्या बाजूला गेली आहे हें त्या त्या गांवांत, दोन विहिरींमध्यें पट्टी आणि घड्याळ घेऊन मोजावें लागतें.